गळू, पोटीस आणि पिंपरीचं पेनिसिलीन

मे संपत आला, घामाची चिकचिक वाढली आणि पहिल्या सरी कोसळल्या की अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर या पट्ट्यातल्या कुठल्याही दवाखान्यात एक प्रश्न रोज ऐकू येतो. "डॉक्टर, आंबे जास्त खाल्ले म्हणून गळू आलं ना?" आंब्याची बाजू आधी घेतो. आंब्याचा चीक ओठांना, हनुवटीला लागला तर तिथली त्वचा खाजते, लाल होते, हे खरं. पण मांडीवर, काखेत किंवा मानेवर येणारं गळू आंब्याच्या 'उष्णते'मुळे येत नाही. आंब्याचा मोसम आणि घामाचा मोसम एकच, म्हणून आळ आंब्यावर येतो. घामाने भिजलेली त्वचा, घट्ट कपड्यांचं घर्षण, लोकलच्या गर्दीत अंगाला अंग घासणं, डास चावल्यावर नखांनी ओरबाडणं, यातून केसाच्या मुळाशी जंतू शिरतो आणि तिथे पू धरतो. गळू म्हणतात ते एवढंच.

या जंतूची आणि माणसाची ओळख फार जुनी आहे. आपल्या भाषेत त्याच्या प्रतापांना किती नावं आहेत पाहा. केसाच्या मुळाशी आलेलं ते केसतूड. मोठं, ठणकणारं ते गळू किंवा करट. मधुमेही माणसाच्या मानेवर, पाठीवर अनेक तोंडांनी फुटणारी ती काळपुळी. त्वचेवर तांबूस वण सरसर पसरत गेला की जुनी माणसं म्हणत, धावरं आलं. आणि पायाला फोड झाल्यावर जांघेत गाठ सुजली की अवधाण. अँटिबायोटिक यायच्या आधी हे शब्द घरात दबक्या आवाजात उच्चारले जात, कारण काळपुळी आणि धावरं यांनी माणसं दगावत. आज तुम्ही केमिस्टकडून मलमाची ट्यूब घेऊन घरी येता, त्यामागे मोठा इतिहास आहे. त्यातला काही भाग आपल्या महाराष्ट्रात घडला आहे. तो कळला तर घरी काय करावं आणि काय करू नये हेही आपोआप कळेल, म्हणून आज जरा मागे जाऊ.

सुरुवात सुश्रुतापासून करतो, पण 'आपल्याकडे सगळं आधीच होतं' असं सांगण्यासाठी नव्हे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात सतरावा अध्याय आहे, 'आमपक्वैषणीय'. सूज कच्ची आहे, पिकते आहे की पिकली आहे हे कसं ओळखायचं, हाच त्याचा विषय. कच्ची सूज कठीण असते आणि फार गरम नसते. पिकत असताना आग होते, ठणका लागतो, माणसाला झोप येत नाही. पिकल्यावर वेदना कमी होते, वरची कातडी सुरकुतते, आणि बोटाने एका बाजूला दाबलं की दुसऱ्या बाजूला पू सरकल्याचं जाणवतं. ही शेवटची खूण आजही आम्ही तशीच तपासतो. कच्चं गळू कापणारा आणि पिकलेलं गळू तसंच ठेवणारा, दोघांनाही सुश्रुताने सारख्याच कडक शब्दांत झोडपलं आहे. हे पेशंटलाही लागू आहे. दुसऱ्या दिवशी सुईने टोचून पाहणारे आणि दहाव्या दिवसापर्यंत 'आपोआप फुटेल' म्हणून बसणारे, असे दोन्ही लोक भेटतात.

मध्यंतरीच्या काळात गळू ही घरातल्या आजीची आणि न्हाव्याची जबाबदारी होती. आजी पोटीस बांधायची. कणीक किंवा अळशीचं पीठ हळद घालून शिजवायचं, फडक्यात घालून सोसवेल इतकं गरम असताना गळवावर ठेवायचं. तोंड पडलं नाही तर न्हावी वस्तऱ्याने चिरा द्यायचा. आजीचा अर्धा भाग शास्त्राला धरून होता. उबेने त्या जागेचा रक्तपुरवठा वाढतो, गळू लवकर पिकतं, तोंड पडून पू बाहेर येतो. काम करत होती ती ऊब. कणकेत किंवा अळशीत वेगळा काही गुण नव्हता, त्या फक्त ऊब धरून ठेवत. म्हणून आज गरम पाण्यात भिजवून पिळलेलं स्वच्छ फडकं तेच काम करतं आणि घाणही करत नाही. न्हाव्याचं अर्धं मात्र घातक होतं. चिरा योग्य होता, पण वस्तरा एकाच्या गळवातून दुसऱ्याच्या गालावर जायचा.

चुना-गूळ, चुना-हळद लावायची पद्धत अजून टिकून आहे. ती सोडा. चुना त्वचा जाळतो. गळवाबरोबर भाजल्याची जखमही घेऊन येणारे लोक दर पावसाळ्यात दिसतात. टूथपेस्ट हा त्याचाच शहरी अवतार.

पू म्हणजे नेमकं काय, हे एकोणिसाव्या शतकापर्यंत कोणालाच ठाऊक नव्हतं. युरोपातले शल्यचिकित्सक तर जखमेत दाट, पांढरा पू झाला की खूश होत, शरीरातलं वाईट बाहेर पडतंय असं मानत. आपल्याकडची 'रक्त खराब झालंय, बाहेर पडू दे' ही समजूत त्याच जातीची. रक्तशुद्धीच्या बाटल्या आजही तिच्यावरच विकल्या जातात. या समजुतीला धक्का दिला तो स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनचा शल्यचिकित्सक अलेक्झांडर ऑगस्टन याने. त्याने घरामागच्या प्रयोगशाळेत गळवांचा पू सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला सुरुवात केली, आणि त्याला गोल गोल जंतूंचे पुंजके दिसले. १८८० मध्ये त्याने हे बर्लिनच्या शल्यचिकित्सकांपुढे मांडलं. काही गोल जंतू माळेत असतात, काही द्राक्षांच्या घडासारखे, हे त्याच्या लक्षात आलं. घडासारख्यांना त्याने १८८२ मध्ये नाव दिलं 'स्टॅफिलोकॉकस'. ग्रीक भाषेत 'स्टॅफिले' म्हणजे द्राक्षांचा घड. १८८४ मध्ये रोझेनबाख या जर्मन डॉक्टरने त्यातली सोनेरी वसाहत करणारी जात वेगळी काढली. तीच 'स्टॅफिलोकॉकस ऑरियस'. तुमच्या गळवाच्या रिपोर्टवर छापून येतं ते हेच नाव.

हा सोनेरी जंतू बहुतेक वेळा बाहेरून कुठून तरी आलेला नसतो. साधारण तीनांतल्या एका निरोगी माणसाच्या नाकात तो मुक्कामाला असतो आणि काही त्रास देत नाही. नाकात बोट, तेच बोट मानेवरच्या पुळीला, अशी त्याची साधी वाट. एकाच घरात एकामागून एक सगळ्यांना गळवं येतात त्याचं कारणही रक्त नाही. नाक, नखं आणि सामाईक टॉवेल ही कारणं.

ऑगस्टनला शत्रू दिसला, पण मारायला हत्यार नव्हतं. हत्यार नसताना काय होत असे, याचं एक उदाहरण सांगतो. १९२४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कॅल्विन कूलिज यांचा सोळा वर्षांचा मुलगा व्हाइट हाउसच्या आवारात मोज्यांशिवाय बूट घालून टेनिस खेळला. पायाच्या बोटाला फोड आला. त्यातून हाच जंतू रक्तात शिरला आणि आठवडाभरात मुलगा गेला. देशातले उत्तम डॉक्टर उशाशी होते, पण त्यांच्याकडे देण्यासारखं औषध नव्हतं.

पहिलं औषध आलं ते कापड रंगवायच्या रंगांच्या कारखान्यातून. गेरहार्ड डोमाक या जर्मन संशोधकाने प्रॉन्टोसिल नावाच्या लाल रंगाचा जंतूंवरचा परिणाम १९३५ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच वर्षाच्या शेवटी त्याच्या स्वतःच्या लहान मुलीच्या हातात सुई घुसून जंतुसंसर्ग पसरला, तेव्हा त्याने तिला तेच औषध दिलं आणि ती वाचली. सल्फा औषधं ती हीच. माळेतल्या जंतूंवर, म्हणजे धावऱ्यावर, ती चालत. घडातला जंतू मात्र त्यांना फारसा दाद देत नसे.

पेनिसिलीनची गोष्ट सगळ्यांनी शाळेत वाचलेली असते, पण फ्लेमिंगच्या बशीत कोणता जंतू होता हे पुस्तकात सहसा लिहीत नाहीत. सप्टेंबर १९२८ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात तो याच गळवाच्या जंतूवर काम करत होता. सुट्टीवरून परतल्यावर एका बशीत बुरशी वाढलेली आणि तिच्याभोवतीचे सोनेरी ठिपके विरघळलेले त्याने पाहिले. पुढची बारा वर्षं ते औषध माणसाच्या कामी आलं नाही, कारण ते शुद्ध करून साठवणं जमत नव्हतं. ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी ते जमवलं. १२ फेब्रुवारी १९४१ रोजी त्यांनी अल्बर्ट अलेक्झांडर या ४३ वर्षांच्या पोलिसाला पहिलं इंजेक्शन दिलं. चेहऱ्यावरच्या संसर्गाने त्याचा एक डोळा काढावा लागला होता, फुप्फुसापर्यंत पू पोहोचला होता. औषध दिल्यावर चारच दिवसांत ताप उतरला, तो जेवू लागला. मग औषध संपलं. त्याच्या लघवीतून उतरलेलं पेनिसिलीन गाळून पुन्हा टोचलं, तेही संपलं. १५ मार्चला तो वारला.

डॉक्टरांनी सांगितलेला कोर्स अर्ध्यात सोडायची इच्छा झाली की हा पोलीस आठवावा असं मला वाटतं. त्याचा कोर्स नाइलाजाने अर्धवट राहिला.

आता आपल्या भागाकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेली हजारो कुटुंबं त्याच बराकींमध्ये उतरवली गेली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि वस्तीचं नाव उल्हास नदीवरून उल्हासनगर झालं. 'कॅम्प नंबर चार', 'कॅम्प नंबर पाच' हे शब्द आपण रिक्षावाल्याला पत्ता सांगताना सहज वापरतो, ते त्या छावणीचे अवशेष. एकेक बराक मध्ये आडोसे घालून अनेक कुटुंबांत वाटलेली, पाणी मोजकं, अंथरूण-पांघरूण सामाईक. अशा दाटीत खरूज फोफावते, खाजवलेल्या खरजेत गळवाचा जंतू शिरतो, आणि लहान मुलांच्या तोंडाभोवती मधासारख्या पिवळ्या खपल्या धरतात. त्या खपल्यांना आम्ही 'इम्पेटिगो' म्हणतो. लहान मुलांच्या शाळेत आजही एका वर्गातून दुसऱ्या वर्गात तो याच मार्गाने जातो. त्या काळी यावर जांभळं औषध म्हणजे जेंशन व्हायोलेट फासत. जांभळ्या तोंडाची पोरं साठीच्या वरच्या वाचकांना नक्की आठवत असतील.

पेनिसिलीन तेव्हा परदेशातून यायचं आणि महाग पडायचं. ते देशात बनावं म्हणून भारत सरकारने १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरीत 'हिंदुस्थान अँटिबायोटिक्स' हा कारखाना स्थापन केला. तज्ज्ञांची मदत जागतिक आरोग्य संघटनेची, यंत्रसामग्रीची युनिसेफची. १९५५ मध्ये उत्पादन सुरू झालं. पिंपरीतही निर्वासितांची वसाहत होती, आजही तिथल्या बाजाराला 'पिंपरी कॅम्प'च म्हणतात. सरकारी मालकीचा देशातला हा पहिला औषध कारखाना. पुढे पिंपरी-चिंचवड उद्योगनगरी झाली, तिच्या पहिल्या मोठ्या कारखान्यांत याची गणना होते. पुण्याकडची माणसं त्याला नुसतं 'एचए' म्हणतात. मोठाल्या टाक्यांमध्ये बुरशी वाढवायची, तिला साखर आणि हवा पुरवायची आणि तिने सोडलेलं औषध गाळून घ्यायचं, असं हे काम. दही लावण्याचाच प्रकार म्हणा ना, फक्त इथे विरजण बिघडलं तर लाखोंचं नुकसान.

पिंपरीची अजून एक हकीकत सांगायचा मोह आवरत नाही. तिथल्या संशोधकांनी, एम. जे. तिरुमलाचार यांच्या नेतृत्वाखाली, मातीतल्या एका जंतूपासून नवं औषध शोधलं. त्या जंतूला गावावरून नाव दिलं 'स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना', आणि औषधाला कंपनीच्या आद्याक्षरांवरून 'हॅमायसिन'. हे औषध बुरशीवर चालतं, जीवाणूंवर नाही. हा फरक इथे मुद्दाम सांगतो आहे, कारण गजकर्ण किंवा नायटा हा बुरशीचा आजार आहे, गळू आणि इम्पेटिगो जीवाणूंचे. एकाचं मलम दुसऱ्याला उपयोगी नाही. म्हणून काही कंपन्या तिन्ही औषधं एका ट्यूबमध्ये कोंबतात: बुरशीचं, जीवाणूंचं आणि वर स्टिरॉइड. खाज दोन दिवसांत थांबते, माणूस खूश होतो, आणि स्टिरॉइडमुळे दबलेला आजार आतून पसरत राहतो. २०१८ मध्ये सरकारने स्टिरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी ती कशी मिळतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

पिंपरीचं पेनिसिलीन बाजारात आलं तेव्हा गळवाचा जंतू मात्र पुढे निघून गेला होता, आणि या सगळ्या इतिहासातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी बाब हीच आहे. पेनिसिलीन तोडणारं द्रव्य काही जंतू तयार करतात, हे अब्राहम आणि चेन यांनी १९४० मध्येच, म्हणजे पहिला पेशंट टोचायच्या आधी, दाखवलं होतं. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात मेरी बार्बर यांनी मोजणी केली. १९४६ मध्ये तिथल्या गळवाच्या जंतूंपैकी सुमारे १४ टक्के पेनिसिलीनला जुमानत नव्हते, १९४८ मध्ये सुमारे ५९ टक्के. दोन वर्षांत. पिंपरीच्या औषधाने न्यूमोनिया, धावरं, उपदंश यांत असंख्य जीव वाचवले, पण गळवाच्या जंतूवर साधं पेनिसिलीन आता जवळजवळ निरुपयोगी आहे. पुढे मेथिसिलीन आलं, आणि १९६१ मध्ये त्यालाही न जुमानणारे जंतू इंग्लंडमध्येच सापडले. त्यांनाच 'एमआरएसए' म्हणतात. आज आपल्याकडे रुग्णालयांतच नव्हे, तर कधी रुग्णालयाची पायरी न चढलेल्या माणसाच्या गळवातही ते निघतात. कपाटात उरलेल्या चार कॅप्सूल 'मागच्या वेळी याने बरं वाटलं होतं' म्हणून घेताना हे लक्षात ठेवा. मागच्या वेळचा जंतू आणि या वेळचा जंतू एक असेलच असं नाही.

आणि औषध अगदी बरोबर असलं तरी पुवाच्या पिशवीत रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे गोळीतलं औषध आत पुरेसं पोहोचतच नाही. म्हणून पिकलेल्या गळवाला आजही मुख्य उपचार चिरा हाच आहे. तुमच्या डॉक्टरांनी छोटं गळू फक्त रिकामं करून, पट्टी बांधून, गोळी न देता घरी पाठवलं तर त्यांनी हयगय केली असं समजू नका. गळू मोठं असेल, भोवती लाली पसरली असेल, ताप किंवा मधुमेह असेल तर चिऱ्याबरोबर गोळ्याही लागतात.

घरी काय करायचं? वाटाण्याएवढं केसतूड असेल, ताप नसेल, तर गरम पाण्यात भिजवून पिळलेलं स्वच्छ फडकं दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. दाबू नका, टोचू नका. दाबलं की पू बाहेर जितका येतो तितकाच आत पसरतो. नाक आणि वरच्या ओठाच्या भागातलं केसतूड तर मुळीच हाताळू नका, तिथलं रक्त मेंदूजवळच्या शिरांना मिळतं. फुटल्यावर साबण-पाण्याने धुऊन कोरडी पट्टी बांधा, हात धुवा, फडकं उकळा. त्या माणसाचा टॉवेल, वस्तरा, उशीचा अभ्रा वेगळा ठेवा. मुलांच्या पिवळ्या खपल्या कोमट पाण्याने भिजवून हलक्या हाताने काढा आणि डॉक्टरांनी लिहिलेलं मलम खपलीखालच्या ओल्या जागेवर लावा. खपलीवर लावलेलं मलम वाया जातं. नखं कापा. उपचार सुरू होऊन खपल्या वाळेपर्यंत शाळा नको. अंगाला रात्री खाज सुटत असेल तर मुळात खरूज आहे का ते पाहून घ्या, नाहीतर मलमाच्या ट्यूबा संपतील आणि खपल्या परत येतील.

पावसाळ्यात उल्हास किंवा वालधुनीचं पाणी घरात, रस्त्यावर आलं तर त्यातून चालून आल्यावर पाय साबणाने धुवा, बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या करा. खरचटलेल्या पायाने त्या पाण्यात गेला असाल तर दोन-तीन दिवस पायाकडे रोज नजर टाका. लाली दिसली तर तिच्या कडेने बॉलपेनने रेघ मारून ठेवा. दुसऱ्या दिवशी लाली रेघेबाहेर गेली असेल तर थांबू नका, दाखवा. ताप, थंडी, वर चढणारी लाल रेषा, दिसतं त्याच्या मानाने फारच जास्त दुखणं, तान्ह्या बाळाला किंवा मधुमेही माणसाला आलेलं कोणतंही गळू, आठवड्यात न बसलेलं किंवा न फुटलेलं गळू, या सगळ्यांना डॉक्टर लागतो. वर्षात तीन-चारदा गळवं येत असतील तर साखर तपासा. मधुमेह पहिल्यांदा कळला तो गळवामुळे, असे लोक कमी नाहीत.

राहिली मुलांची एक गोष्ट. माळेतल्या जंतूमुळे इम्पेटिगो झाला असेल तर कातडी पूर्ण बरी झाल्यावर, दोन-तीन आठवड्यांनी, क्वचित मूत्रपिंडांना सूज येते. सकाळी उठल्यावर मुलाच्या पापण्या सुजलेल्या दिसल्या, लघवी कमी झाली किंवा तिचा रंग कोऱ्या चहासारखा झाला, तर त्याच दिवशी दाखवा आणि 'मागच्या महिन्यात तोंडावर फोड आले होते' हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.